गंधारापाशी थांबून

पियानो समोर आहे, पण लगेच वाजवू नका. आधी नुसते बसा. पाठ सरळ, खांदे सैल. महाकालाच्या भस्मारतीची वेळ आहे असं समजा. पहाटेचे चार, गल्ली अजून उठायची आहे. उज्जैनच्या ज्या घरात इतकी वर्षं पेटीच वाजत आली, तिथे ८८ पट्ट्यांचा, अकरा-बारा किलोंचा डिजिटल पियानो आणावा का, एवढाच प्रश्न आहे. तो घरी रियाझाला हवा आणि गणेशोत्सवात, भजनाला, एखाद्या सभागृहात उचलून न्यायलाही हवा. माहितीपत्रक मिटून ठेवा. आकडे नंतर पाहू.

मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी दाबा, इतकी हळू की आवाजच येऊ नये. पुन्हा दाबा, आता आवाज जेमतेम यावा. या दोन दाबांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे बोट रेंगाळू द्या. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारणारं वाद्य घडवलं ते या जागेसाठीच: बोट जसं पडेल तसा स्वर लहान किंवा मोठा व्हावा. पेटीत हे काम डाव्या हाताचा भाता करतो, उजव्या हाताची बोटं फक्त स्वर निवडतात. पियानोत प्रत्येक बोटाला आपला भाता स्वतःच सांभाळावा लागतो. म्हणून पेटी वाजवणाऱ्याने ही पहिली कसोटी सोडू नये. खिशात दहा रुपयांची नाणी असतील तर पट्टीच्या पुढच्या कडेवर एकावर एक ठेवत जा. एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं. मोठ्या पियानोची पट्टी पन्नास ग्रॅमच्या आसपास खाली जाऊ लागते, म्हणजे सहा-सात नाणी. मग मंद्रातली पट्टी पाहा, मग तारातली. खालच्या पट्ट्या किंचित जड आणि वरच्या हलक्या लागल्या, तर घडवणाऱ्याने मन लावलं आहे.

आता एक खालचा स्वर जोरात वाजवा आणि पट्टी धरून ठेवा. काहीही करू नका, नुसतं ऐका. खऱ्या तारेचा नाद विरताना सारखा बदलत जातो. त्याची चमक आधी जाते, मग गाभा उरतो, मग तोही जातो. डिजिटल पियानोत अशा नादाचं ध्वनिमुद्रण साठवलेलं असतं. साठवण अपुरी असेल तर काही क्षणांनी स्वर एका जागी अडकतो आणि तोच तुकडा फिरत राहतो. हे कळायला संयम लागतो, तज्ज्ञाचा कान लागत नाही. पायाशी पेडल दाबून ठेवा, खालचा षड्ज छेडा आणि वर एक लांब तान घ्या. षड्ज मध्येच गळून पडला तर एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची मर्यादा संपली. ६४, १९२, २५६ हे आकडे माहितीपत्रकात असतात ते यासाठी.

इथून पुढे अजून सावकाश. फोनवर तानपुरा लावा, षड्ज पांढरी एक. खर्जाच्या तारेत एक गंधार आपोआप उमटतो. कोणी छेडत नाही, तरी असतो. तो कानाला सापडेपर्यंत थांबा. शेजारचं देवास म्हणजे कुमार गंधर्वांचं गाव. १९४८ मध्ये ते तिथे आले आणि तिथेच राहिले. त्यांचे तानपुरे किती निगुतीने जुळवलेले असत, हे माळव्यात आजही आदराने सांगतात. तो गंधार कानात भरला की पियानोवरचा शुद्ध गंधार हळूच दाबा. दोन्ही एक होणार नाहीत. पियानोचे बारा स्वर सारख्या अंतरांवर बसवलेले असतात. सप्तकाचे बाराशे भाग केले तर पियानोचा गंधार चारशेवर येतो आणि तानपुऱ्यातला तीनशे शहाऐंशीच्या जवळ. त्या चौदा भागांच्या फरकामुळे नादात लाटा उठतात, मधल्या सप्तकात सेकंदाला दोन-तीन. त्या मोजू नका, त्यांच्यासोबत बसा. पेटीवरचा जुना आक्षेप याच लाटांचा आणि मींडेचा होता. त्यापायी १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली आणि १९७१ पर्यंत ती सैल झाली नाही. काही डिजिटल पियानोंत स्वरांची ही जुळणी बदलायची सोय असते. ती असेल तर षड्ज सांगून शुद्ध जुळणी निवडा आणि गंधार पुन्हा दाबा. लाटा शांत झाल्या? माझ्या मते गाण्याच्या घरासाठी ही एक सोय पाचशे तयार आवाजांपेक्षा मोलाची आहे.

मींड मात्र येणार नाही. हे दुःख आजच मनात नीट पाहून घ्या, पियानो घरी आल्यावर नको. पट्टी स्वरावर उतरते, दोन स्वरांमधून सरकत नाही. पण शिंद्यांच्या ग्वाल्हेरातल्या भैया गणपतरावांनी अशाच पट्ट्यांच्या पेटीवर ठुमरी उभी केली. मींड नाही म्हणून त्यांनी वाद्य टाकलं नाही. कणस्वर, स्वराचा ठहराव, शब्दाची फेक यांतून भाव आणला. तुमच्या बोटांना ती वाट धरावीशी वाटते का?

घरासाठी आणखी एक पाहा. हेडफोन लावून वाजवताना दुसऱ्याला शेजारी उभं करा. पियानो मुका असला तरी पट्ट्यांची थपथप ऐकू येते, आणि लाकडी पाटणीच्या जुन्या घरात ती खालच्या मजल्यावर पोचते.

कार्यक्रमाचा विचार करताना डोळ्यांपुढे बैठक आणा. गायिका गादीवर, तबलजी गादीवर आणि पियानोवाला उंच स्टुलावर. साथ नजरेने चालते, सम डोळ्यांनी दिली जाते, आणि इथे तर नजरच वरून पडणार. म्हणून स्टँड किती खाली येतो ते बघा. मांडी घालून बसलात तर पेडल कुठे ठेवाल, तेही करून बघा. ध्वनियंत्रणेसाठी मागे स्वतंत्र जोडणी आहे की हेडफोनच्या भोकावरच भागवायचं आहे? वीज गेली तर बॅटरीवर चालतो का? एकट्याने जिन्यावरून नेता येतो का? हलका पियानो आणि चांगला स्पर्श यांत निवडायची वेळ आली, तर मी स्पर्श निवडेन आणि उचलायला कोणाला तरी हाक मारेन.

आणि जिच्या साथीला बसणार तिला दुकानात घेऊन जा. तिची पट्टी काळी चार असेल तर स्वर सरकवायचं बटण दाबू नका, काळी चारवरूनच वाजवा. तिला एक विलंबित आलाप घ्यायला सांगा. गंधारावर ती थांबेल तेव्हा तुम्ही पट्टी दाबा, अगदी हळू, आणि तिचा स्वर आहे तिथेच राहतो की पियानोकडे ओढला जातो ते ऐका. ओढला गेला तर दुसरा पियानो काढायला सांगा.