मागच्याची वेळ

पावसाळ्यात नागपूरच्या आसपासच्या काळ्या मातीत सायकल घातली, की माणसाला आपली जागा कळते. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर धरते, मडगार्डमध्ये अडकते. थोड्याच वेळात चाक फिरेनासे होते. मग खाली उतरा, काडीने चिखल काढा, नाहीतर सायकल खांद्यावर घ्या. वेगाचा गर्व तिथेच उतरतो.

अशाच खडतर वाटांवर दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून ‘केप एपिक’ नावाची डोंगरी सायकल शर्यत भरते. आठ दिवस, सहाशेहून अधिक किलोमीटर, कधी धूळ, कधी चिखल. तिथे स्वार एकटा नसतो, दोघांची जोडी असते. जोडीदारांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. आणि जोडीची वेळ धरली जाते ती दुसरा स्वार रेषा ओलांडतो तेव्हाची. पहिला कितीही आधी पोचो, त्याचे घड्याळ मागच्यासाठी चालूच राहते.

या नियमामागे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. पुढच्याने मागच्यासाठी थांबणे हा उपकार की कर्तव्य?

एकट्याच्या पराक्रमाचे मोल कमी नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा या शहराला अभिमान वाटला. नाशिकच्या महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये तीच शर्यत दोघांत वाटून घेतली होती. पण तिथे एक चालवताना दुसरा विसावा घेऊ शकतो. एकट्या स्वाराच्या मागेही मदतनीसांची गाडी असतेच. केप एपिकची अट याहून कठीण आहे. दोघांनी एकाच वेळी, एकाच चिखलातून जायचे.

आपल्याला हे नवे वाटू नये. नमाजमध्ये लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला, की त्याच्या आईला त्रास नको म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) नमाज आटोपती घेत. जमातीत दुबळे, आजारी, म्हातारेही असतात, म्हणून इमामाने नमाज लांबवू नये, अशी त्यांची शिकवण होती. म्हणजे जमातीची गती तिच्यातल्या सर्वांत अशक्ताने ठरवायची.

मात्र नियम फक्त अंतर मोजू शकतो, नियत नाही. दोन मिनिटांच्या आत राहूनही कपाळाला आठ्या घालून थांबता येते. ‘तुझ्यामुळे उशीर झाला’ हे तोंडाने न बोलताही ऐकवता येते. एहसान जतावल्याने दानाचे पुण्य वाया जाते, असे कुरआन बजावते. थांबण्याचेही तसेच आहे. शिवाय मागे राहणारा रोज एकच नसतो. चढावर जो दमतो, तोच उतारावर वाट काढून देतो. ज्याच्या सायकलची साखळी आज तुटली, त्याचीच उद्या वाट बघणाऱ्याला गरज पडते.

कोणी म्हणेल, शर्यतीतला जोडीदार आपण निवडतो. मोहल्ला, जमात तर जन्माने मिळते. मग न निवडलेल्यांसाठी आपण का थांबावे? आक्षेप रास्त आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, त्यानंतर आपल्यात शिक्षणाची पुष्कळ चर्चा झाली. काही मुले शिकली, मोमिनपुऱ्यासारख्या वस्त्यांतून निघून पुण्या-मुंबईला स्थिरावली. ती आपल्या मेहनतीने गेली, यात शंका नाही. पण घरोघर पाहिले तर दिसेल, की भावाची फी भरता यावी म्हणून कुठे एखाद्या बहिणीची शाळा सातवीतच सुटली. ती घरी शिलाई मशीनवर बसली. तिला दुबळी म्हणून मागे टाकलेले नाही. भावाची सायकल चिखलातून निघावी म्हणून ती चिखलात उभी राहिली. ही जोडी भावाने निवडली नव्हती, पण त्याला शर्यतीत उतरवले ते याच जोडीने.

म्हणून आता त्या भावाने तिच्या मुलीच्या शिक्षणासाठी हात दिला, तर त्याला मदत म्हणू नये. तो स्वतःचीच शर्यत पूर्ण करतो आहे. ती मुलगी रेषा ओलांडेपर्यंत त्याची वेळ लागलेली नाही.