अशाच्या मातीला कोण जाईल?

वाईट चालीचा माणूस मेला की पारावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘अशाच्या मातीला कोण जाईल?’ विचारणाऱ्यांतले दोघे-चौघे नंतर जातातही. पण गुण-अवगुण पाहून माती द्यायची असे एकदा ठरले, की नाकारायच्या माणसांची यादी कुठवर वाढेल हे आपल्या हातात राहत नाही.

अकोल्याने हे 2020च्या उन्हाळ्यात पाहिले. करोनाच्या भीतीने सख्खी माणसे मयताला हात लावायला धजत नव्हती. मे महिन्यात एक वृद्ध गृहस्थ गेले. घरचे कोणी येईना, तेव्हा शहरातल्या कच्छी मेमन या मुस्लिम जमातीच्या मंडळींनी त्यांना स्मशानात नेले आणि हिंदू रीतीने अग्नी दिला. त्या साथीत त्यांनी दोन्ही धर्मांची मयते उचलली. अकोल्याच्या मेमध्ये, अंगभर पीपीई किट घालून चितेपाशी उभे राहणे म्हणजे काय, हे तिथला उन्हाळा काढलेल्यालाच कळेल. घाबरलेल्या घरच्यांना मी दोष देत नाही. ती भीती तेव्हा घरोघरी होती. पण त्या वृद्धाचा अपराध काय होता? लोकांना त्याच्या देहाची धास्ती वाटली, एवढाच.

निरपराध माणसाला माती मिळावी, हे चटकन पटते. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांबद्दल पटणे अवघड आहे. मुंबईच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी त्यांना जागा नाकारली. त्यामागचे दुःख मला समजते. हे आमचे नाहीत, हे त्यांना साऱ्या देशाला सांगायचे होते. मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे.जे. रुग्णालयाच्या शवागारात राहिले. जानेवारी 2010 मध्ये सरकारने ते गाजावाजा न करता पुरले आणि एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ते विधिमंडळात सांगितले. जागा जाहीर केली नाही. फलक नाही, फुले नाहीत, पण माती मिळाली. सरकार योग्य वागले असे मी मानतो. माती देणे वेगळे आणि गौरव करणे वेगळे. 1659 मध्ये मारल्या गेलेल्या अफजलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. शत्रूच्या देहाला माती मिळाली म्हणून शिवाजी महाराजांचा विजय तसूभरही उणा झाला नाही.

मेलेल्याला शिक्षा करता येत नाही. प्रेताची हेळसांड केली तर तिची झळ लागते ती त्याच्या म्हाताऱ्या आईला, आणि ते प्रेत अखेर ज्याला उचलावे लागते त्या कामगाराला.

बेवारस मयताचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्याकडे एकदा पाहावे. पोलीस पंचनामा करतात, फोटो काढतात, अंगावरचे कपडे जपून ठेवतात, वारसाची वाट पाहतात. कोणी आले नाही तर नगरपालिकेची माणसे खड्डा खणतात. ओळख न पटलेला देह पुष्कळदा जाळत नाहीत, पुरतात. उद्या कोणी शोधत आलेच तर उकरून दाखवता यावा म्हणून. वऱ्हाडातली काळी माती वैशाखात दगडासारखी होते, टिकासाचा घाव उसळून परत येतो. पावसाळ्यात तोच खड्डा खणता खणता पाण्याने भरतो. तरी खोल खणावेच लागते, नाहीतर कुत्री उकरतात. अशाच एका कामगाराला मी पाहिले होते. देह खाली सोडल्यावर ढेकळे तोंडावर पडू नयेत म्हणून त्याने पहिली माती हाताने चुरून टाकली. तो मेलेला कोण होता, चोर की साव, हे त्याला ठाऊक नव्हते आणि त्याने कोणाला विचारलेही नाही.

आपण मात्र विचारत आलो. कुष्ठरोग्यांना जिवंतपणीच घराबाहेर काढणारा आपला समाज. त्यांच्यासाठी दाजीसाहेब पटवर्धनांना अमरावतीत तपोवन उभे करावे लागले. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारधी होते. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का मात्र गावकऱ्यांच्या मनात राहिला. मयत दफन करायला गावात जागा मिळत नाही, ही तक्रार भटक्या-विमुक्तांच्या चळवळीने महाराष्ट्रात वर्षानुवर्षे मांडली आहे. नऊ दहशतवाद्यांना सरकारने जागा शोधून दिली, आणि पालावर मेलेल्या म्हातारीसाठी तिच्या लेकरांना गावोगाव हात जोडावे लागतात. माती नाकारायची पद्धत एकदा रुळली, की तिचा मार खुन्यापेक्षा गरिबालाच अधिक बसतो.

सन्मानाने दफन होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये म्हटले. तो निकाल अमरावती-अकोल्याच्या खेड्यांनाही लागू आहे. ग्रामसभेत स्मशानभूमीच्या शेडचा आणि कुंपणाचा विषय निघेल, तेव्हा पारधी बेड्यावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, माणसांनाही बोलावून घ्यावे आणि त्यांच्या मयतांसाठीची जागा त्याच कुंपणाच्या आत, ठरावात लिहून, मोजून द्यावी.