तापाचे तप कधी होते?

‘ताप’ आणि ‘तप’ हे दोन्ही शब्द ‘तप्’ या एकाच धातूतून आले. मुळाशी तापणेच आहे. तरी एकाला आपण हात जोडतो आणि दुसऱ्यावर औषध घेतो. शरीर-मनाला नेहमीपेक्षा जास्त ताण दिला, तर त्यातून सामर्थ्य कधी येते आणि नुसती मोडतोड कधी होते, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. हाच प्रश्न आज गेमसाठी संगणकाचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्यापुढे नेमका उभा राहतो. ओव्हरक्लॉक करणे म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवणे. वेग वाढला की वीज जास्त लागते, वीज जास्त गेली की तो तापतो. इथे ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ बहुतेक जण ‘जळणार नाही’ एवढाच घेतात. तो अर्थ अपुरा आहे. वस्तूची खरी मर्यादा ती मोडते तिथे नसते. ती खोटे बोलू लागते तिथे असते. म्हणून ओव्हरक्लॉकिंगमध्ये धाडसापेक्षा सत्याचा प्रश्न मोठा आहे.

आधी खोक्यावर छापलेल्या आकड्याचे पाहू. तो आकडा म्हणजेच मर्यादा, आणि तो ओलांडणे म्हणजे मर्यादाभंग, असे मानणे सोपे आहे. पण तो आकडा येतो कुठून? एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप एकदम घडतात आणि त्यांतल्या दोन अगदी सारख्या निघत नाहीत. कारखान्यात त्या तपासतात, प्रतवारी करतात आणि प्रत्येकीवर वेगाचा शिक्का मारतात. त्या शिक्क्यात चिपची कुवत असते, पण बाजाराची सोयही असते. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हे याचे ठळक उदाहरण. त्यावर शिक्का होता ३०० मेगाहर्ट्झचा. मदरबोर्डवरचा बस-वेग, म्हणजे प्रोसेसरचा वेग ज्याच्या पटीत ठरतो तो मूळ ठेका, ६६ मेगाहर्ट्झवरून १०० केला की त्यांतले कितीतरी नग ४५० मेगाहर्ट्झवर निमूटपणे चालत, आणि कितीतरी महागड्या पेंटियम टूच्या तोडीचे काम देत. म्हणजे ३०० हा त्या चिपचा स्वभाव नव्हता. ती तिला दिलेली जागा होती. जन्माचा शिक्का म्हणजेच स्वभाव, असे शतकानुशतके ज्या समाजाला शिकवले गेले, आणि ज्यातल्या संतांनी, पुढे फुले-आंबेडकरांनी ते नाकारले, त्या समाजाला शिक्का आणि कुवत यांतला फरक वेगळा समजावून द्यावा लागू नये. माणसाची आणि चिपची बरोबरी नाही, पण चूक एकाच प्रकारची आहे.

मात्र शिक्का माणसाने मारलेला असला, तरी त्याच्या पलीकडे काहीच सीमा नाही असे नव्हे. तिथून निसर्गाचा हिशोब सुरू होतो, आणि तो घासाघीस करत नाही. प्रोसेसरमध्ये काम करताना खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा, प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवरून ५.५ वर न्यायचा आहे आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावे लागले. वेग वाढला दहा टक्के. उष्णता वाढली चाळीस टक्क्यांच्या आसपास. शेवटचे पाऊल सगळ्यात महाग पडते. त्यातच धातूची झीज आहे. चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात की त्यांतून धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू ढकलत नेतात. कुठे पोकळी पडते, कुठे ढीग साचतो. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली या झिजेचे समीकरण मांडले. प्रवाहाची घनता आणि तापमान वाढले की तारेचे आयुष्य किती झपाट्याने घटते, हे त्यातून कळते. ही झीज दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि उलटवता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आजचा प्रोसेसर सहसा भडकन जळत नाही. तापमान ९५-१०० अंश सेल्सिअसला टेकले की तो स्वतःच वेग उतरवतो, फारच झाले तर बंद पडतो. जळण्याच्या कितीतरी आधी त्याच्याकडून वेगळेच काही होते: तो चुकतो, आणि चुकल्याचे सांगत नाही. ओव्हरक्लॉक करणारे लोक प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम वापरतात. तो मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याचा शोधप्रकल्प १९९६ पासून चालू आहे. त्यातली ‘टॉर्चर टेस्ट’ प्रोसेसरकडून प्रचंड गुणाकार करून घेते आणि उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहते. सगळे सुरळीत दिसत असते, पंखे एका सुरात फिरत असतात, आणि तासाभराने एका कोअरपुढे ओळ उमटते: पूर्णांकनातली चूक ०.५ आली, ती ०.४ पेक्षा कमी हवी होती. पडदा निळा झाला नाही, मशीन हँग झाले नाही, धूर निघाला नाही. फक्त एक उत्तर खोटे निघाले. तपासणारे कोणी नसते तर ते खरे म्हणूनच पुढे गेले असते, एखाद्या फाइलमध्ये जाऊन बसले असते. याहून सूक्ष्म प्रकारही आहे. काही नव्या प्रोसेसरना व्होल्टेज कमी पडले की पडद्यावर वेगाचा आकडा चढाच दिसतो, पण आतल्या घड्याळाचा ठेका ताणला जातो आणि प्रत्यक्ष काम कमी होते. आकडा वाढला, काम घटले. ज्याने फक्त आकडा पाहिला, त्याने स्वतःचीच फसवणूक करून घेतली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत. मानमरातबासाठी आणि दिखाव्यासाठी केलेले तप राजस. त्याचा दोष तिथे असा सांगितला आहे की ते अस्थिर असते, टिकत नाही. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देत केलेले ते तामस. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांच्या तोंडी दिवसभर असणारा शब्द ‘स्टेबल’ आहे, हा मला योगायोग वाटत नाही. ताणाची परीक्षा किती चढलात यावर होत नाही, स्थिर राहिलात का यावर होते. डिसेंबर २०२२ मध्ये द्रवरूप हेलियमच्या गारव्यात एका कोअर आय९ प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला. त्यामागचे कौशल्य अस्सल आहे, पण तो वेग नोंद होण्यापुरता टिकतो. त्यावर कोणी संध्याकाळभर गेम खेळत नाही. घरातल्या ओव्हरक्लॉकला वेगळी शिस्त लागते. चांगला कूलर, नीट लावलेली थर्मल पेस्ट, व्होल्टेज ‘ऑटो’वर न सोडता स्वतः ठरवलेले, वेग एका वेळी १०० मेगाहर्ट्झनेच वाढवायचा, प्रत्येक पायरीवर तास-तास चाचणी, आणि जिथे पहिली चूक दिसली तिथून खाली उतरून थांबायचे. ही उतरण्याची तयारी हाच या साऱ्या प्रकारातला तपाचा अंश आहे.

यावर पहिला आक्षेप असा: प्रोसेसर निर्जीव आहे, गेम ही करमणूक आहे, यात धर्माधर्म कुठला? प्रोसेसरला वेदना नाही, हे मान्यच. पण ज्या मशीनवर रात्री गेम चालतो, त्याच मशीनवर दिवसा मुलीचा प्रवेशअर्ज भरला जातो, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट साठवले जातात, दुकानाचा जीएसटी भरला जातो. या कामांत मशीनवर विसंबलेल्या माणसाने तो ताण निवडलेला नसतो. शिवाय ताण देऊन झिजवलेला प्रोसेसर ‘आपोआप गेला’ म्हणून वॉरंटीत बदलून मागणे, किंवा काही न सांगता कुणाला जुना म्हणून विकणे, हे सरळ असत्य आहे. वस्तू निर्जीव असली तरी व्यवहार माणसांचाच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याने घडवले त्याला मर्यादा कळते. त्याने आखलेल्या रेषेत राहावे, हीच नम्रता. यावर २०२४ चा दाखला पुरेसा आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे कितीतरी डेस्कटॉप प्रोसेसर, मालकाने काहीही न छेडता, गेम खेळताना कोसळू लागले. कंपनीनेच नंतर सांगितले की प्रोसेसरमधला मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आत बसवलेल्या मूळ सूचना, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. दुरुस्त मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण जे प्रोसेसर झिजून गेले होते ते त्या दुरुस्तीने बरे झाले नाहीत. निर्मात्याची रेषाही माणसानेच आखलेली असते, स्पर्धेच्या धावपळीत आखलेली असते. तिचा आदर जरूर करावा, पण तपासणीतून तिला सूट देऊ नये.

तिसरा आक्षेप तृष्णेचा, म्हणजे हा सारा वेगाचा हव्यासच असल्याचा, आणि त्यात मला सर्वांत जास्त तथ्य वाटते. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे ६.९ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर तेवढ्यात काम उरकू शकत नसेल, तर खेळ मधेच अडखळतो आणि ते हाताला जाणवते. तिथे वेग वाढवण्याला अर्थ आहे. पण ४के पडद्यावर बहुतेक गेममध्ये सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. तिथे प्रोसेसर कितीही तापवला तरी फरक नावापुरता पडतो. मग ती हाव असते, आणि मोजमाप तिला उघडी पाडते. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या कुवतीच्या कडेजवळ चालवलेले येतात, त्यामुळे अनेकदा उलटाच उपाय फळतो: व्होल्टेज वाढवण्याऐवजी थोडे कमी करायचे. ताप उतरतो, आणि उसंत मिळालेला प्रोसेसर आपणहून जास्त वेग धरतो, जास्त वेळ धरतो. राजगृहाजवळ चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेतलेल्या सोण भिक्षूला बुद्धांनी त्याच्याच वीणेची आठवण करून दिली होती: तार फार ताणली तर वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. व्होल्टेजचेही तसेच आहे. फार कमी केले तर भर कामात टिकलेला प्रोसेसर रिकामा बसलेला असताना रीस्टार्ट होतो. म्हणून चाचणी भाराखालीही हवी आणि विसाव्यातही.

आणि ही चाचणी एकदाच करून भागत नाही. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत स्थिर ठरलेले सेटिंग नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, खोली ४० अंशांवर असताना, स्थिर असेलच असे नाही. तेव्हा ज्यांनी हिवाळ्यात ओव्हरक्लॉक केले आहे त्यांनी उन्हाळा लागताच कॅबिनेटमधली धूळ काढावी, रात्रभर चाचणी पुन्हा लावावी, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुकांची नोंद पाहावी. एक जरी चूक दिसली, तरी बायोसमध्ये जाऊन १०० मेगाहर्ट्झ खाली उतरावे.