लेकराच्या खोड्या : मोह की प्रेम?

घरात दीड-दोन वर्षांचे मूल असले म्हणजे त्या घरात स्वस्थपणा म्हणून राहत नाही. पाय नुकतेच फुटलेले, आणि धाव तर दाही दिशांना! पिठाच्या डब्यात हात घालील, बापाच्या वहाणा पायांत अडकवून अंगणभर फटक फटक हिंडेल, ताटलीवर पळी आपटून भजन मांडील, पाण्याचा तांब्या कलंडून त्याच ओहोळात बसकण मारील. आई ओरडते, "अरे मेल्या, हे काय केलंस!" आणि ओरडता ओरडताच तोंडाला पदर लावून हसते. बाप कामावरून दमून येतो; ते दुडदुडत येऊन पायांना मिठी मारते, की त्याचा निम्मा शीण तिथेच उतरतो.

हा आनंद घरोघरचा आहे. पण गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाच्या मनात कधीमधी शंका डोकावते. बायकापोरे म्हणजे मायेची बेडी, असे आपण कीर्तनात पुष्कळ वेळा ऐकतो. मग पोराच्या चाळ्यांत असे रंगून जाणे परमार्थाच्या आड येते की काय? हरिपाठाला बसावे, पोराने येऊन हातातला टाळ ओढावा, आणि मन देवाकडून पोराकडे जावे, यात आपले काही चुकते का? प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. याचे उत्तर चुकले तर एखादा पोराला दूर लोटून कोरडा ठणठणीत होईल, नाहीतर दुसरा पोरापायी आंधळा होईल.

भागवताच्या दशम स्कंधाकडे पाहू. आठव्या अध्यायात कृष्णाने माती खाल्ल्याची तक्रार यशोदेकडे येते. ती माउली काय करते? "खाऊ दे, देवच आहे" असे म्हणत नाही. हात धरते, रागावते, तोंड उघडायला लावते. लेकराच्या तोंडात काय गेले हे पाहणे आईचे कामच. त्या तोंडात तिला सारे ब्रह्मांड दिसते. पण पुढची गोष्ट आपण विसरतो. ते दर्शन झाल्यावर ती जन्मभर हात जोडून उभी राहत नाही. पुत्रस्नेह पुन्हा दाटून येतो आणि ती त्याला मांडीवर घेते. ब्रह्मांड पाहिलेल्या आईलाही शेवटी मांडीवर लेकरूच हवे होते, आणि देवालाही तेच हवे होते!

नवव्या अध्यायात तो दह्याचे मडके फोडतो. ती छडी घेऊन मागे धावते. पण लेकरू भ्याले आहे असे दिसताच छडी टाकून देते. बांधायला जाते तर दावे दोन बोटे कमीच पडते. ती घामाघूम झाली तेव्हा कुठे त्याने आपण होऊन बांधून घेतले. शिस्त आहे, धाक आहे, पण मारण्याची हौस नाही. गंमत पाहणाऱ्या आईचा डोळाही जागा हवा. चूल, विहीर, विजेचे बटण यांच्यापाशी पोर गेले आणि आपण नुसते हसत बसलो, तर तो आनंद नव्हे, गाफीलपणा आहे. हल्ली पोर काही नवे करू लागले की हात आधी मोबाईलकडे जातो. चित्र राहते, पण पोर मागे वळून पाहते तेव्हा त्याला आईचा चेहरा दिसत नाही.

कोणी म्हणेल, "आमच्या गोरोबाकाकांचे काय? भजनाच्या तंद्रीत त्यांच्या पायाखाली तान्हे मूल तुडवले गेले." खरे आहे, संप्रदायात ती कथा सांगतात. पण कथा तिथे संपत नाही. शेवटी पंढरीनाथ ते मूल आईला परत देतो. मूल ही नुसती टाकून द्यायची माया असती, तर देवाने ते परत कशाला दिले असते? देवाने गोरोबाकाकांची भक्ती मानली, आणि त्या माउलीचा आकांतही ऐकला.

मग मोह कोठे आहे? बाबांनो, या वयाच्या पोराकडून आपल्याला मिळते काय? सांडलवंड, जागरण आणि फुटकी भांडी. तरी आपण खूष! या आनंदाला फळाची आशा नाही. निष्काम प्रेम म्हणजे काय, ते प्रपंची माणसाला याच वयाचे पोर शिकवते. शके 1212 (इ. स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरी सांगताना माउलींनी नवव्या अध्यायाच्या आरंभी हाच दाखला घेतला आहे : लेकरू बापाच्या ताटात बसते आणि त्याच ताटातला घास उलट बापालाच भरवू लागते; बापही आनंदाने तोंड पुढे करतो. घास त्याचाच, पण भरवणारा हात लेकराचा!

मोह शिरतो तो पुढे, हिशेब सुरू झाला की. "माझ्या पोराने पहिला नंबर काढलाच पाहिजे, माझे नाव राखले पाहिजे, म्हातारपणी मला सांभाळले पाहिजे." पोर तेच, पण आपला आनंद आता व्याजावर लावला गेला. पोर दोन वर्षांचे असताना पडत धडपडत चालले तर आपण टाळ्या पिटत होतो. तेच वीस वर्षांचे होऊन आपल्या वाटेने चालू लागले की आपल्याला राग का यावा?

आणखी एक कसोटी आहे. आपल्या पोराने तांब्या कलंडला तर ती बाळलीला, आणि शेजारणीच्या पोराने कलंडला तर "वळण नाही हो मेल्याला!" असे का? जनाबाईंनी विठोबाला लेकुरवाळा म्हटले. त्याच्या अंगाखांद्यावर कुंभार, महार, शिंपी अशी सगळ्यांची लेकरे आहेत. आपला जीव एकाच पोरापाशी अडला तर ती ममता. त्या एका पोरापासून चार पोरांपर्यंत पोचला तर तेच प्रेम होते.

म्हणून पोराने टाळ ओढला तर चिडू नये. एक जोडी त्याच्या हाती द्यावी. ताल चुकेल, दोन चरण मागेपुढे होतील, होऊ द्यावेत. ज्या देवाला आपण आई म्हणून हाक मारतो, त्या आईला लेकराचा चुकलेला ताल नवा नाही. आपलाही रोज चुकतोच, आणि ती ऐकून घेते.

रामकृष्णहरि!