परवाना देणारा हात

४ जून १९५९ रोजी मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली, तेव्हा राजाजींनी वयाची ऐंशी वर्षे पुरी केली होती. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसने नागपूरच्या अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला, हे निमित्त झाले. प्रा. रंगा, मिनू मसानी अशी थोडी मंडळी जमली आणि १९६२ मध्ये लोकसभेत अठरा व १९६७ मध्ये चव्वेचाळीस जागा मिळवून हा पक्ष विरोधकांत सर्वांत मोठा ठरला. राजकारणाच्या इतिहासात ही हकीकत चार ओळींची आहे. आम्हा सरकारी नोकरांना मात्र ती तेवढ्यावर सोडून देता येत नाही; कारण या पक्षाने ज्या ‘परमिट-लायसन्स राज्या’वर शस्त्र धरले, त्या राज्याचे कारभारी आम्हीच होतो.

या आरोपाला आमच्यांतील प्रामाणिक माणसाचे उत्तर ठरलेले असते : आम्ही लाच घेत नाही, फाईल अडवीत नाही, नियमाबाहेर जात नाही. उत्तर खरे आहे. पण ते या आरोपाचे उत्तर नव्हे. अधिकारी भ्रष्ट असतो एवढेच राजाजींना म्हणावयाचे असते, तर चांगले अधिकारी नेमून प्रश्न सुटला असता. अधिकारी सचोटीचा असला तरी एका प्रौढ नागरिकाने आपला यंत्रमाग चालविण्यासाठी दुसऱ्यापुढे अर्ज घेऊन उभे राहावे, यातच काही अनुचित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो अर्ज आम्ही मंजूर केला तरी अनुचितपणा उरतोच; उलट मंजुरीनंतर तो माणूस आमचे आभार मानतो, त्या वेळी तो अधिक उघडा पडतो. त्याच्याच वस्तूबद्दल त्याने आमचे आभार का मानावेत?

हा युक्तिवाद आमच्यापैकी काहींना आतून पटला असावा. व्ही. पी. मेनन आणि एच. एम. पटेल यांच्यासारखे शासनात मुरलेले लोक या पक्षात गेले. नारायण दांडेकर हे मराठी आय. सी. एस. गृहस्थ नोकरीतून बाहेर पडल्यावर याच पक्षातर्फे लोकसभेत बसले. खुर्चीवर असताना सरकारी नोकराला मतदानापलीकडे काही करता येत नाही, आणि मत कोणाला दिले हेही सांगता येत नाही. नियम योग्यच आहे. मात्र मौन पाळणे म्हणजे विचार न करणे, असा त्याचा सोयीस्कर अर्थ आम्ही लावला आहे.

तरीही या पक्षाची बाजू निर्मळ होती असे नाही. मूलतत्त्वांबाहेरच्या प्रश्नांवर प्रत्येक सदस्याला मतस्वातंत्र्य, हा त्याचा नियम सुंदर होता. पण जागा मिळाल्या त्या बऱ्याच अंशी संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या वजनावर. बिहारमध्ये रामगडचे राजे आले तेव्हा पक्ष फुगला, आणि ते गेले तेव्हा ओसरला. ओरिसात राजेमंडळींची गणतंत्र परिषद विलीन झाली आणि १९६७ साली तिचेच नेते मुख्यमंत्री झाले. राजाच्या हत्तीवरून आलेल्या मतदाराला स्वतंत्र कसे म्हणावे? शिवाय ज्याच्यापाशी माग नाही, जमीन नाही, त्या माणसाला परवान्याचा जाच नव्हता. त्याला हवा होता आधार, आणि तो देणारा हातही बहुधा सरकारचाच होता. या माणसाला सांगण्यासारखे स्वतंत्र पक्षापाशी फार थोडे होते. आम्हाला हा त्याच्या विचारातलाच दोष वाटतो. प्रचारातली उणीव म्हणून तो सोडून देता येत नाही.

१९७१ मध्ये आठ जागा उरल्या, १९७२ च्या डिसेंबरात राजाजी गेले, १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द झाला, तो काँग्रेसच्याच सरकारच्या हातून. त्यानंतरही आमच्या टेबलांवरचे अर्ज संपले नाहीत : बांधकामाचे, पाण्याच्या जोडणीचे, जातीच्या दाखल्याचे. त्यांतले काही अर्जदाराच्या हक्काचे असतात, काही दुसऱ्याच्या रक्षणासाठी आवश्यक असतात. सही करताना यातला फरक आम्ही किती वेळा पाहतो?