समासातली माणसं

बाइंडिंगच्या धंद्यात समास कापला की पुस्तक नवं दिसतं. जुजबंदी झाली, खळ वाळली, की तीन बाजूंनी दोन-दोन सूत उडवायचं. अकोटात चाळीस वर्षं हेच करतो आहे. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, श्रावणाआधी पारायणाच्या पोथ्या.

परवा एक मौलवीसाहेब शिळाछापाचं जुनं पुस्तक घेऊन आले. मध्ये चौकटीत मजकूर, भोवती आडव्यातिडव्या ओळी, थेट काठापर्यंत. म्हणाले, "भाऊ, कटिंग नोका करू. अर्धं पुस्तक काठातच हाय."

चहा झाला आणि त्यांनी बोट ठेवून एकेक दाखवलं. मूळ ग्रंथ 'शम्सिया', नजमुद्दीन कातिबींचा, तेराव्या शतकातला, तर्कशास्त्रावरचा. हा मतन. त्यावर कुत्बुद्दीन राझींची टीका, ती शरह. त्या टीकेवर मीर सय्यद शरीफ जुर्जानींची टिपणं, तो हाशिया. मदरशातली पोरं मात्र मुळाचं नाव घेत नाहीत, 'कुत्बी' शिकतो म्हणतात. टीकाकारानंच नाव पटकावलं. मला हसू आलं. आपण तरी काय वेगळं करतो? 'भावार्थदीपिका' कोण म्हणतं? ज्ञानेश्वरीच म्हणतो.

खरं सांगायचं तर टीका म्हणजे मला दुसऱ्याच्या वावरात पेरणी वाटायची. स्वतःचं सांगायला नसलं की माणूस जुन्या ग्रंथाला चिकटतो, असं. मौलवीसाहेबांनी इब्न सीनाच्या 'इशारात'ची गोष्ट काढली आणि ते गेलं. त्या ग्रंथावर फख्रुद्दीन राझींनी (मृत्यू 1210) अशी टीका लिहिली, की चेष्टेखोर लोक म्हणू लागले, ही शरह नव्हे, जरह आहे. जरह म्हणजे जखम. मग नसिरुद्दीन तूसी इब्न सीनाची बाजू घेऊन उभे राहिले, राझींचे आक्षेप घेऊन त्यांना उत्तरं दिली. पुढे चौदाव्या शतकात या दोघांचा निवाडा करायला एक जण बसला, पुस्तकाचं नावच 'मुहाकमात'. तो कोण? हाच कुत्बुद्दीन, माझ्या टेबलावरचा. वादी मरून दीडशे वर्षं होत आली तरी खटला चालू!

आणि रीत काय, तर आधी 'तो म्हणाला' लिहून समोरच्याचे शब्द द्यायचे, मग 'मी म्हणतो'. आमच्या पानठेल्यावर हा नियम लावला तर संध्याकाळी कोणी फिरकणार नाही.

मीही त्यांना एक सांगितलं. सतराव्या शतकात हुसेन अंबरखानांनी गीतेवर मराठीत टीका लिहिली, 'अंबरहुसेनी'. त्यांनी ते नाव टिपून घेतलं. कुठं, तर त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानाच्या काठात, पेन्सिलीनं.

रात्री शिलाई उसवताना दिसलं, मधल्या काही पानांवर हाशियाच्या ओळी काठाशी अर्ध्यावर तुटल्या होत्या. आधीच्या बाइंडरनं कटिंग मारलेलं. दोरा पाहिला. तिपेडी, मेण लावलेला, गाठ आतल्या बाजूला. आमच्या वडिलांची गाठ.

पुस्तक न कापता दिलं. कडा वेड्यावाकड्याच राहिल्या. गाठीचं मी काही बोललो नाही.