सारखी लस, कमी संरक्षण

एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती घेऊन मूल जन्माला येते, तेव्हा त्या अवस्थेला डाउन सिंड्रोम म्हणतात. या जादा गुणसूत्राचा परिणाम बुद्धीच्या वाढीपुरता थांबत नाही. छातीच्या हाडामागची थायमस ही ग्रंथी, जिच्यात रोगजंतू ओळखणाऱ्या टी-पेशी परिपक्व होतात, ती या मुलांत लहान असते, आणि लस घेतल्यावर रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, काही लशींबाबत इतरांपेक्षा कमी भरतात. तरीही बहुतेकांना लशीचे संरक्षण मिळते. त्यामुळे ‘याला लस लागूच पडत नाही’ ही समजूत चुकीची आहे, आणि ‘पोर नाजूक आहे, ताप येईल’ म्हणून सुई टाळणे घातक आहे, कारण छातीचे संसर्ग याच मुलांना वारंवार आणि तीव्र होतात.

शरीराचा प्रतिसाद दुबळा असेल, तर समाजाचे देणे वाढते. इंग्लंडमधील 2020 च्या एका मोठ्या अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दहापट आढळला, आणि ब्रिटनने लसीकरणात त्यांना सत्तरीच्या वृद्धांबरोबर स्थान दिले. भारतात 1 मार्च 2021 पासूनच्या सहव्याधींच्या यादीत बौद्धिक दिव्यांगत्व होते खरे, पण वयाची अट 45 वर्षांची होती. ज्यांचे वार्धक्यच लवकर येते, त्यांच्यातील तिशी-चाळिशीच्या माणसांना 1 मेपर्यंत थांबावे लागले. सर्वांना एकच अट लावली म्हणजे न्याय झाला, असे मानणे येथे चुकले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरला सुरू झाला आणि अंगणवाड्या-शाळांतील तपासणीत डाउन सिंड्रोमचा समावेश झाला, हे मोठे काम आहे. मात्र त्याची मर्यादा अठरा वर्षांची आहे. त्यापुढे रायगड जिल्ह्यातल्या मुरूड-श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातील प्रौढ मुलाची विचारपूस करायला शासनाचे कोणतेही पथक ठरवून येत नाही, जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, आणि दरवर्षी घ्यावी लागणारी फ्लूची लस राष्ट्रीय वेळापत्रकात नाही. अशा माणसाभोवतीच्या घरच्यांनीही लस घेतली, तर त्याच्यापर्यंत जंतू पोचण्याची शक्यता घटते. हे कर्तव्य केवळ आईचे नसून घरातल्या प्रत्येकाचे आहे.

अठरा वर्षांवरील अशा व्यक्तींची नोंद आशाताईंच्या वहीत व्हावी आणि फ्लूची लस पावसाळ्यापूर्वी उपकेंद्रातच मिळावी, असा ठराव रायगडच्या किनाऱ्यावरील ग्रामसभांनी करून तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा.